सतरावी ओळ

परतूरच्या शांतिलालशेठचा श्रेयांस लहानपणापासून मुंगीला भ्यायचा. मुंगी चावेल म्हणून नव्हे, पायाखाली मरेल म्हणून. शाळेत जाताना तो इतकं खाली बघून चालायचा, की एकदा म्हणे शाळा सोडून रुळाच्या कडेकडेनं थेट सेलूला पोचला आणि तिथल्या स्टेशनमास्तरनं त्याला पाणी पाजून परत पाठवला. सेलूपर्यंतचं खोटं असेल. भीती मात्र शंभर टक्के खरी.

ही भीती त्याच्यात घातली कांताबाईंनी. कांताबाई म्हणजे स्थानकातल्या पाठशाळेच्या बाई. स्थानक म्हणजे परतूरच्या मारवाडी जैनांचं धर्म करायचं घर. मूर्ती नाही, घंटा नाही. पांढऱ्या भिंती, सतरंज्या आणि चातुर्मासात मुक्कामाला येणारे महाराजसाहेब. दर रविवारी कांताबाई पोरांना एक रंगीत पुस्तक दाखवायच्या, त्यात नरकाची चित्रं होती. खोटं बोलणाऱ्याची जीभ सांडशीनं ओढलेली. रात्री जेवणाऱ्याच्या तोंडात वितळलेलं शिसं. आणि परस्त्रीच्या मागं लागलेल्या माणसाला तापून लाल झालेल्या लोखंडी बाईला मिठी मारायला लावलेली. बाकीची पोरं ते पान उलटताना खिदळायची. श्रेयांसला सोळाव्या वर्षी कळलं, की आपल्याला बाई नको, बाप्या पाहिजे. त्याला पहिला प्रश्न पडला तो हा, की माझ्यासाठी तिथं वेगळा पुतळा ओतावा लागेल का? आणि दुसरा प्रश्न, की तो आधीच ओतून ठेवला असेल तर?

धर्म सोडून द्यावा, असं त्याच्या कधी मनातच आलं नाही. सोडायला तो काय अंगावरचा शर्ट होता? सकाळी नवकार म्हटल्याशिवाय त्याच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. आणि कल्याणशी बोलल्याशिवाय रात्री डोळा लागायचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच छातीत, शेजारीशेजारी. एकीची चाहूल दुसरीला लागू नये म्हणून हा माणूस तीन वर्षं चवड्यांवर चालत होता.

कल्याण म्हणजे भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईचा, शेतकऱ्याच्या घरातला. शांतिलालशेठचं बी-बियाणांचं दुकान, आणि कल्याण एका बियाणं कंपनीचा माणूस. परतुरात खोली घेऊन राहायचा, एक जुनी पिकअप बाळगायचा आणि दुकानात पोती उतरवताना हसायचा. त्या हसण्यानंच घात केला. तीन वर्षं झाली त्याला.

यंदाच्या चातुर्मासात परतुरात मोठे महाराज आले. वय शहात्तर, चष्म्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड. जन्म जाफराबादकडच्या कुणब्याच्या घरातला. चोविसाव्या वर्षी दीक्षा घेतली, पण बोली गावाकडचीच राहिली. लोक म्हणायचे, महाराज गप्प बसले की समोरच्याला आपल्या मागच्या तीन जन्मांची पापं आठवतात. त्यांच्याकडं आलोयणा करायला लांबलांबून लोक यायचे. आलोयणा म्हणजे केलेली सगळी पापं वहीत ओळीनं लिहून गुरूच्या हातात द्यायची. गुरू ती वाचतात, एका चिठ्ठीवर प्रत्येक ओळीचं प्रायश्चित्त लिहून देतात आणि वही फाडून टाकतात. कुणाचं काय वाचलं ते मरेपर्यंत बोलत नाहीत. थेंबही न गळणारा घडा असावा, तसा गुरू लागतो त्याला.

श्रेयांसनं वही लिहिली. एकतीस ओळी झाल्या. मुंग्या, डास, मम्मीशी खोटं, हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या तिथीला खाल्लेली मेथी. सोळा ओळी भराभर झाल्या. सतराव्या ओळीला पेन थांबलं ते चार दिवस. खरं लिहिलं तर महाराज वाचणार. नाही लिहिलं तर लपवलेली आलोयणा, आणि लपवलेली आलोयणा म्हणजे मूळ पापाच्या दुप्पट, हेही कांताबाईंनीच सांगितलेलं. पाचव्या दिवशी, घामानं ओल्या झालेल्या बोटांनी त्यानं लिहिलं:

‘गेली तीन वर्षं माझं मन कल्याणात अडकलं आहे. सोडवून घ्यावंसं वाटत नाही.’

आता आपल्या लिपीची गंमत बघा. माणसाचं नाव आणि आत्म्याचं भलं, दोन्ही त्याच तीन अक्षरांत. श्रेयांसला ते ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणूनच तर पेन उचललं गेलं.

तिसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. मुंग्यांचे दोन उपवास. मेथीची पाच आयंबिलं, म्हणजे दिवसातून एकदाच, तेल-मीठ-तूप काही नसलेलं जेवण. आणि सतरासमोर महाराजांच्या थरथरत्या अक्षरात: ‘अनुमोदना. भाव वाढते राहोत.’

अनुमोदना! पुण्याच्या कामाला द्यायची शाबासकी! शिक्षा झाली असती तर बरं, असं श्रेयांसला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

इथपर्यंत प्रकरण चिठ्ठीत होतं. पण दुसऱ्या दिवशी प्रवचन संपल्यावर महाराज त्याच्या आईला, भगवतीदेवीला, एवढंच म्हणाले, “बाई, पोराचे भाव चांगले हायेत. घरच्यांनी अडवू नये.” घड्यातून काही गळलं नव्हतं, नुसता घड्याला घाम फुटला होता. भगवतीदेवीनं त्या घामाची नदी केली. पोरगा दीक्षा घेतोय! ती तिथंच रडली, अर्धं अभिमानानं आणि अर्धं पोटातून. पाणी प्यायला उठली तेवढ्यात बातमी बाजारात होती, आणि ती घरी पोचायच्या आत परभणीहून आत्याचा फोन आला होता. संध्याकाळपर्यंत श्रेयांस वैरागी झाला. सत्तरीचे लोक दुकानात येऊन त्याच्या पायाला हात लावायला लागले. सगुणाबाई शेजारीण तर औक्षणाचं ताट घेऊन इतक्या जोरात धावल्या, की वाटेत निरांजन तीनदा विझलं आणि तीनदा आपोआप पेटलं, असं त्या स्वतः सांगतात. कार्तिक पौर्णिमेनंतर महाराजांचा विहार होता, म्हणजे पायी पुढच्या गावाला प्रस्थान. त्याच वेळी संघापुढं श्रेयांसनं हो म्हणायचं आणि महाराजांबरोबर चालायला लागायचं, असं ठरूनही गेलं. त्याला विचारायचं राहिलं होतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि श्रेयांस? तो नाही म्हणाला का? नाही म्हणाला. म्हणजे, ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडातून निघालाच नाही. त्याला खरी धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याला ती कल्पना गोड लागायला लागली होती. पांढरे कपडे घातले की लग्नाचं कोण विचारणार? तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधली की ओठांवर आलेलं नाव कोण वाचणार? गोणीत शिरून तोंड आतून शिवून घ्यावं, तशी ती जागा होती. सुरक्षित. आणि आत हवा नाही.

“काय वैरागीशेठ,” कल्याण दुकानाच्या मागच्या गोदामात पोत्यावर बसत म्हणाला, “गावभर पेढे वाटून राह्यले. मला एक पण न्हाई?”

“हळू बोल. बाबूजी बाहेर आहेत.”

“हळूच बोलून राह्यलो तीन वर्षं. झालं काय ते तर सांग.”

श्रेयांसनं सतरावी ओळ सांगितली. कल्याण आधी इतका हसला की पोत्यातलं हरभऱ्याचं बी वाजलं. मग त्याचं हसणं अर्ध्यातच थांबलं.

“मंग तू खरं लिहिलं का खोटं?”

“खरंच लिहिलं.”

“बराबर. मंग वाचणारानं चुकीचं वाचलं. तुझा काय गुन्हा?”

“चुकीचं वाचावं म्हणूनच तसं लिहिलं रे मी.”

कल्याण पोत्यावरून उतरला. “म्हंजे देवाच्या दारातबी तू मला पुडीत बांधून नेलं.”

“तुला काय जातंय बोलायला! तुमच्यात नाही असलं काही.”

“न्हाई कसं? नवरात्रात आमच्या आईच्या अंगात रेणुकाई येती. सगळं गाव पाया पडतं, एकेकाचं नाव घेऊन देवी बोलती. आन् मी गोठ्यात बैलामागं जाऊन बसतो. आईच्याच तोंडून देवीनं माझं नाव घेतलं तर? सहा वर्षं झाली, देवीपुढं गेलो न्हाई मी.” त्यानं पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळली. “तुला जायचं तर जा महाराजासंगं. पण मला भिऊन जाऊ नको. मी काय भूत हाय का?”

विहाराचा दिवस उजाडला. सूर्य वर आल्यावर महाराज स्थानकाच्या पायऱ्या उतरले, मागं त्यांचे दोन शिष्य, आणि त्यामागं अख्खा संघ अनवाणी. कुणी तीनशे सांगतं, कुणी तीन हजार. तीन हजार जैन परतुरात आले कुठून, हे विचारू नये. वाटूरच्या रस्त्याला दोन्हीकडं कापूस फुटला होता. भगवतीदेवीनं डोळ्याला पदर लावलेला. शांतिलालशेठ पोराच्या डाव्या हाताशी चालत होते, पोराकडं न बघता, ओठ घट्ट मिटून. श्रेयांसच्या कपाळावर बायकांनी लावलेलं कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं. आज तो एकदाही खाली बघून चालला नाही. किती मुंग्या गेल्या देव जाणे.

तीन किलोमीटरवर मोठं कडुलिंब आहे, तिथं महाराज मांगलिक, म्हणजे निरोपाचा मंगलपाठ, म्हणणार, लोकांना निरोप देणार आणि त्याला विचारणार. श्रेयांस पावलं मोजत होता. त्याला वाटत होतं झाड लांब जावं. पण झाडं कुठं ऐकतात? ते जवळच येत राहिलं.

झाडाखाली सगळे थांबले. महाराजांनी मांगलिक म्हटलं. मग जाड काचेतून त्याच्याकडं पाहिलं.

“श्रेयांस. संघापुढं सांग बाबा. तुझं मन कशात हाय?”

पाटीभर उत्तरं त्याच्या डोक्यात होती, खरी आणि खोटी. जिभेवर एकच आलं.

“कल्याणात,” तो म्हणाला.

“हर्ष हर्ष, जय जय!” संघानं असा घोष केला, की कापसातले बगळे उडाले आणि परतूर स्टेशनात उभी असलेली मालगाडी सिग्नल समजून निघून गेली म्हणतात. श्रेयांसच्या पायाखालचा रस्ता मऊ झाला. झालं. शिवलं गेलं तोंड.

तेवढ्यात, या सगळ्या गजरात, शांतिलालशेठ मागं वळून ओरडले, “अरे कल्याण! ए कल्याण! गाडी सावलीत घे, म्हाताऱ्या बायांना ऊन लागून राह्यलं!”

थकलेल्या बायांना परत न्यायला शेठनंच कल्याणला पिकअप घेऊन मागून बोलावलं होतं. कल्याण खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होता, आणि डोळे लपवायचं विसरला होता.

महाराजांनी त्या डोळ्यांकडं पाहिलं. मग श्रेयांसच्या डोळ्यांकडं. हळूच हात वर केला, तसा संघ वीस पावलं मागं सरला. लोकांना वाटलं, काहीतरी गुप्त मंत्र द्यायचा असेल.

“त्या गाडीवाल्याचं नाव काय म्हणले?”

“कल्याण.” आवाज श्रेयांसचा नव्हताच, कुठल्या तरी बारीक पाखराचा होता.

“कुठला?”

“पिंपळगाव रेणुकाईचा.”

महाराजांचं म्हातारं बोट आधी आभाळाकडं गेलं, मग हळूहळू खाली येत पिकअपकडं वळलं. “सतरावी ओळ. ते का हे?”

हीच घटका होती. ‘ते’ म्हटलं असतं तर म्हातारा चालू लागला असता, आणि मागोमाग हाही. पुढची पन्नास वर्षं कुणी काही विचारलं नसतं. श्रेयांसचे दात एकमेकांवर वाजत होते, नोव्हेंबरच्या उन्हात.

“हे,” तो म्हणाला. “आणि मी मुद्दाम तसं लिहिलं, महाराज. तुम्हाला कळू नये म्हणून. आणि लिहिलं नाही असंही होऊ नये म्हणून.”

वीस पावलांवर बाप उभा होता. महाराजांच्या तोंडावरची मुहपत्ती श्वासानं आत जात होती, बाहेर येत होती. श्रेयांसच्या डोळ्यांपुढं ते पुस्तक उघडलं, लाल लोखंडाची झळ गालाला लागली. तो वाट बघत राहिला.

“अनुमोदना मी माघारी घेतो,” महाराज शेवटी म्हणाले.

“हो.”

“लग्नालाबी आम्ही अनुमोदना देत न्हाई. तुझ्या बापाच्या लग्नालाबी कोण्या साधूनं दिली नसंल. संसार म्हंजे मोह. बायकोचा मोह सुटंना असं लिहून आणणाराला मी दोन आयंबिल देतो. तुला दोन.”

श्रेयांसला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “दोनच? जास्त नाही?”

“मोह मोजताना नर का मादी ते पाहू का मी? मला हे समजतं असं म्हणत न्हाई. समजत न्हाई. पण जास्तीचं माप माझ्यापाशी न्हाई.”

“आणि नरक?”

“मी जाऊन आलो न्हाई.” म्हातारा लोकरीच्या कुंच्याचा ओघा काखेत सावरून जरा वाकला. “कपटाचं मात्र एगळं. माझ्या हातून खोटी शाबासकी लिहून घेतली तू. त्याचे तीन उपवास, पाणीबी मोजून. आन् माझ्यासंगं चालू नको. भिऊन आलेला माणूस मला ओळखू येतो. मी भिऊनच आल्तो. बावन्न वर्षं चालून राह्यलो, पाय झिजले, भीती तेवढीच हाय.”

कशाला भिऊन, हे त्यांनी सांगितलं नाही. ते झटकन वळले. संघाला म्हणाले, “याचा दीक्षेचा भाव न्हाई. वाचण्यात चूक माझी झाली. भगवतीबाई, मिच्छामि दुक्कडं, माफी असावी.” एवढ्या मोठ्या साधूनं हात जोडल्यावर सगळ्या संघानं हात जोडले. तिघं वाटूरच्या दिशेनं चालायला लागले, आणि पांढरे कपडे पांढऱ्या कापसात मिसळेपर्यंत कुणी हललं नाही.

परत येताना म्हाताऱ्या बाया आणि भगवतीदेवी पिकअपच्या मागं बसल्या. पुढं तिघं. कल्याण गाडी चालवायला, शेठ खिडकीपाशी, आणि श्रेयांस दोघांच्या मधे. गिअर बदलताना कल्याण आपलं कोपर त्याला लागू नये म्हणून इतकं अंग चोरत होता, की गाडी तीन किलोमीटर दुसऱ्यातच रडत आली.

“वाचण्यात चूक म्हणजे काय रे?” शेठनी खिडकीबाहेर बघत विचारलं. “काय लिहिलं होतं तू?”

कल्याणचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले.

“घरी सांगतो, बाबूजी.”

“कल्याणनं ऐकलं तरी चालतं की. आता घरचाच झालाय तो.”

“घरी,” श्रेयांस म्हणाला.

घरी आल्यावर शेठनी काही विचारलं नाही. हातपाय धुतले, मागच्या खोलीत आसन टाकलं, तोंडाला मुहपत्ती बांधली आणि ‘करेमि भंते’ म्हणून सामायिक घेतलं. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी समभावानं बसायचं. उठायचं नाही, हात उगारायचा नाही, रागवायचं नाही. राग आला तर सामायिक मोडलं. शांतिलालशेठनी अठरा वर्षांत एकही मोडलं नव्हतं. पुढ्यात वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवलेलं.

श्रेयांस दारात उभा होता. त्याच्या भित्र्या डोक्यात, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, एक चावट विचार आला. आता सांगितलं तर बाबूजी अठ्ठेचाळीस मिनिटं काही करू शकत नाहीत! दुसऱ्याच्या सामायिकात संसार आणायचा म्हणजे पाप. असू दे. त्याची ओळ पुढच्या चातुर्मासात लिहिता येईल, आणि सरळ लिहिता येईल.

तो समोर जमिनीवर बसला.

“बाबूजी, महाराजांनी कल्याण वाचलं ते धर्माचं. मी लिहिलं होतं आपल्या दुकानातल्या कल्याणचं. माझं मन त्याच्यात आहे. बाईत नाही, कधीच नव्हतं. मला मुलगी दाखवू नका. आणि मला स्थानकातून काढू नका, मला नवकार सोडता येत नाही. दोन्ही पाहिजे.”

शेठचे डोळे उघडले. कपाळावरची शीर फुगली. मुहपत्ती एकदा आत ओढली गेली आणि तशीच राहिली. श्रेयांसनं तो श्वास बाहेर पडायची वाट बघितली. घरात इतकी शांतता झाली, की वाळू पडताना ऐकू आली म्हणतात. मांडीवरची शेठची मूठ आवळली, उघडली, परत आवळली. डोळ्यांतून पाणी आलं, पण पुसायला हात उठला नाही. त्यांनी माळ ओढायला सुरुवात केली, एक मणी, मग बराच वेळ काही नाही, मग एक मणी.

श्रेयांसला पळून जावंसं वाटत होतं. तो बसून राहिला. वाळू संपत आली. आता बाप मोकळा होणार, आणि मग जे काही व्हायचं ते. त्यानं मान खाली घातली, पाठ ताठ केली, मार बसतो त्या जागेची वाट बघत.

वाळू संपली.

“ताट वाढू का?” भगवतीदेवी दारातून म्हणाली.

शेठनी पोराकडं पाहिलं. हात मुहपत्तीच्या दोरीपर्यंत गेला. बोटं तिथंच थांबली, आणि परत खाली आली. फाटक्या, जड आवाजात ते म्हणाले, “करेमि भंते, सामाइयं…”

त्यांनी दुसरं सामायिक घेतलं.

भगवतीदेवीला काही कळलं नाही, पण ती ताट घेऊन परत गेली. परतूरचे लोक सांगतात, शेठनी त्या दिवशी सलग अकरा सामायिकं केली. अकरा नव्हेत, चार. दुसऱ्याला घड्याळ उलटं करताना त्यांच्या हातून ते आडवं पडलं, ते श्रेयांसनं उचलून नीट ठेवलं. शेठनी हात मागं घेतला नाही. तिसऱ्याला श्रेयांसनं कोपऱ्यातलं आपलं आसन आणून त्यांच्यासमोर टाकलं आणि स्वतःही सामायिक घेतलं. समोर बाप डोळे मिटून बसला होता. राग त्याच्या नाकपुड्यांत स्पष्ट दिसत होता, आणि तो बाहेर न येऊ देण्यासाठी म्हातारा जीव तोडून माळ ओढत होता.